ड्रायव्हर आणि कंडक्टर

मध्यंतरी माझ्या भाचीने अमेरिकेहून एक यादी पाठवली. तिकडे क्रीडावैद्यक शास्त्राची एक मोठी संस्था आहे. ती २००८ सालापासून शहरांची क्रमवारी लावते: कुठल्या शहरातली माणसं जास्त तंदुरुस्त! २०१८ पासून पुढे सलग काही वर्षं पहिला नंबर होता व्हर्जिनिया राज्यातल्या आर्लिंग्टनचा. यादीखाली भाचीने लिहिलं होतं, "मावशी, इथले लोक फार शिस्तीचे गं. आपल्याकडे लोकांना मुळात व्यायामाचा कंटाळाच."

आता 'शिस्त' हा शब्द मी शाळेत इतक्या वेळा वापरलाय की त्याच्याबद्दल मला जरा संशयच येतो. मी इतिहास शिकवायची. अमुक राज्य का बुडालं, या प्रश्नाला मुलं हमखास 'लोक आळशी झाले' असं उत्तर लिहीत. अशा उत्तराला मी अर्धाच मार्क द्यायची. लोक आळशी झाले असतील बाबा, पण का झाले ते लिही की! तेच इथेही. एका शहरातली माणसं काटक आणि दुसऱ्यातली सुटलेली असतील, तर दोन शहरांतल्या माणसांच्या स्वभावात एवढा फरक असतो का? की शहरं घडताना काहीतरी वेगळं घडलं?

या प्रश्नाचं सगळ्यात सुरेख उत्तर मला एका बसमध्ये सापडलं. लंडनच्या लाल दुमजली बसमध्ये.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये हृदयविकाराचे झटके फार वाढले होते आणि कारण नीट कळत नव्हतं. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरला वाटलं, माणूस दिवसभर काय काम करतो याचा याच्याशी संबंध असावा. मग त्याने लंडनच्या बस, ट्राम आणि भुयारी रेल्वेत काम करणाऱ्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१,००० पुरुषांच्या नोंदी तपासल्या. कल्पना किती साधी बघा. त्या बसवर दोन माणसं असतात. ड्रायव्हर दिवसभर बसून असतो. कंडक्टर तिकिटं फाडत वरच्या मजल्यावर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो. दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या! दोघं एकाच खात्यातले, एकाच शहरात राहणारे, घरची परिस्थितीही साधारण सारखी. फरक फक्त त्या जिन्याचा.

१९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष छापून आले. कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होत होता, झालाच तर उशिरा आणि सौम्य होत होता, आणि त्यातून तडकाफडकी दगावण्याचं प्रमाण तर बरंच कमी होतं. टपालखात्यातही तेच दिसलं. पायी किंवा सायकलवर पत्रं वाटणारे पोस्टमन सुरक्षित, टेबलाशी बसणारे कारकून आणि टेलिफोनवाले धोक्यात.

कोणी म्हणेल, ड्रायव्हर जाडे असतील म्हणून झालं असेल. मॉरिसने तेही पाहिलं, आणि कसं पाहिलं तर गणवेशाच्या विजारींवरून! खात्याकडे प्रत्येकाच्या कमरेच्या मापाची नोंद होती. ड्रायव्हरांच्या कंबरा खरोखरच मोठ्या निघाल्या. पण गंमत पुढे आहे. एकाच मापाची विजार घालणारे ड्रायव्हर आणि कंडक्टर समोरासमोर ठेवले, तरी कंडक्टरचं हृदय जास्त धडधाकट निघालं. म्हणजे पोट दिसतंय की नाही एवढ्यावर भागत नाही. तरीही एक शंका उरतेच. मुळात चपळ असलेली माणसंच कंडक्टर होत असतील तर? मॉरिसने ही शंका झटकून टाकली नाही. पुढे त्याने सगळे टेबलाशीच काम करणारे सरकारी नोकर घेतले आणि कामाबाहेरच्या वेळात दमदार हालचाल करणारे आणि न करणारे अशी तुलना केली. उत्तर त्याच दिशेचं आलं. मॉरिस स्वतः १९१० साली जन्मला आणि २००९ साली गेला. नव्याण्णव वर्षं!

मला त्यात भावलं ते असं, की तो कंडक्टर व्यायाम करत नव्हता. पहाटे उठण्याचा निश्चय नाही, आखाडा नाही, जिम नाही. तो फक्त नोकरी करत होता. त्याची तब्येत त्याच्या निश्चयात नव्हती, बसच्या जिन्यात होती.

शहर ही अशीच एक मोठी बस आहे असं मला वाटतं. काही शहरं आपल्याला नकळत कंडक्टर करतात, काही ड्रायव्हर. आणि जिना ठेवायचा की काढून टाकायचा हे कधीतरी, कुणीतरी ठरवलेलं असतं. तीन शहरांची गोष्ट सांगते. तिन्ही गोष्टी साधारण एकाच काळातल्या, १९६०-७० च्या दशकांतल्या.

पहिलं ते आर्लिंग्टन. वॉशिंग्टनच्या समोर, पोटोमॅक नदीच्या पलीकडे. साठच्या दशकात राजधानीसाठी मेट्रो रेल्वे आखली जात होती. आर्लिंग्टनमधून जाताना ती नव्या महामार्गाच्या मधल्या पट्ट्यातून नेणं स्वस्त आणि सोपं होतं. पण स्थानिक कारभाऱ्यांनी हट्ट धरला की रेल्वे महामार्गातून नको, आमच्या जुन्या बाजाररस्त्याच्या खालून न्या. खर्च वाढला तरी चालेल. १९७९ साली ती रेल्वे बॉलस्टनपर्यंत सुरू झाली. मग नियम असा केला की स्टेशनच्या अगदी जवळ उंच इमारती बांधायला परवानगी, आणि जसजसं लांब जाल तसतशी उंची कमी. परिणाम काय? हजारो माणसं स्टेशनपासून पायी जाण्याच्या अंतरावर राहू लागली. दुकान, वाचनालय, कचेरी सगळं चालत. आज तिथला माणूस दिवसाला जे चालतो, त्यातलं बरंचसं पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या हट्टाचं फळ आहे.

हेही सांगितलं पाहिजे की आर्लिंग्टन हे सुशिक्षित, सुखवस्तू लोकांचं ठिकाण आहे. पैसा असला की फुरसत मिळते, चांगलं खाणं मिळतं, डॉक्टर मिळतो. पहिल्या नंबराचं सगळं श्रेय रेल्वेला देता येणार नाही. पण सुखवस्तू वस्त्या त्या परिसरात इतरही आहेत. माझी भाची राहते ती त्यातलीच एक. तिच्या घरून दूध आणायलासुद्धा गाडी काढावी लागते, कारण रस्त्याला पदपथच नाही. ती आळशी नाही हो, लहानपणी पर्वती एका दमात चढायची! तिला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलंय, इतकंच.

दुसरं शहर ॲमस्टरडॅम, किंवा खरं तर सगळा नेदरलँड्स. डच माणूस सायकलीवरच जन्माला येतो असा आपला समज असतो. युद्धानंतर काही वर्षं तिथे सायकली खूप होत्या हे खरं, पण पुढे हातात पैसा आला तशा मोटारी आल्या आणि सायकली झपाट्याने मागे पडल्या. मोटारींना जागा हवी म्हणून जुने वाडे पाडायचे, कालवे बुजवायचे, शहराच्या पोटातून महामार्ग न्यायचे असे बेत चालले होते. १९६७ साली योकिनेन नावाच्या एका अमेरिकन नगररचनाकाराने तर त्याचा पुरा आराखडाच मांडला होता.

आणि मोटारींबरोबर मरण आलं. १९७१ या एका वर्षात त्या चिमुकल्या देशात रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसं मेली. त्यातली चारशेहून अधिक लहान मुलं होती. अशाच अपघातात मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने १९७२ साली वर्तमानपत्रात लेख लिहिला. त्याच्या मथळ्याचा अर्थ होता, 'बालहत्या थांबवा'. तेच पुढे चळवळीचं नाव झालं. आया मुलांना घेऊन रस्त्यात बसल्या. रस्ते अडवून मुलांना खेळायला सोडलं. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल अडवलं आणि डच सरकारने ४ नोव्हेंबरपासून काही रविवार मोटारी बंद ठेवल्या. लोकांना एकदम दिसलं की अरे, आपले रस्ते असेही असू शकतात! १९७५ साली सायकलस्वारांची संघटना उभी राहिली. त्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या नियूमार्क्ट भागात मेट्रोसाठी घरं पाडण्यावरून दंगली झाल्या. तिथून न्यायचा महामार्ग शेवटी रद्द झाला. डेल्फ्ट शहरात आधीच असे गल्लीरस्ते केले होते, जिथे मोटारीने माणसाच्या चालीने जायचं आणि मुलांनी हक्काने खेळायचं. १९७६ साली त्यांना कायद्याची मान्यता मिळाली.

पुढची कथा सावकाश घडली. दरवर्षी थोडे सायकलमार्ग, थोडे चौक सुधारलेले, थोड्या मोटारी बाहेर वळवलेल्या. आज त्या देशातल्या एकूण फेऱ्यांपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त फेऱ्या सायकलवर होतात. उट्रेख्टच्या स्टेशनखाली २०१९ साली पूर्ण झालेल्या वाहनतळात १२,५०० सायकली मावतात! माझ्या वयाच्या बायका तिथे सायकलवरून भाजी आणतात. पाऊस आहे, बोचरा वारा आहे, तरी आणतात.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या आया काही 'लोकांचं वजन कमी करा' म्हणून रस्त्यावर बसल्या नव्हत्या. त्यांना पोरं जिवंत घरी यायला हवी होती. रस्ता निर्धोक झाला. तब्येत हे त्यावर मिळालेलं व्याज.

आता तिसरं शहर, आपलं पुणं. त्याच वर्षांत इथे काय चाललं होतं?

माझ्या लहानपणीचं पुणं सायकलींचं शहर होतं, हे आमच्या घरातल्या नातवंडांना सांगून सांगून मी कंटाळवाणी झाले आहे. पण नोंद हवीच. हवा बरी, चढ बेताचे, आणि स्वर्गेटपासून शिवाजीनगरपर्यंत शहर असं केवढं? सायकलीला वर्षाचा कर असे आणि तो भरल्याचा पत्र्याचा बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसला की पोलीस अडवी. डबलसीट दिसलात तर दंड. ज्यांची स्वतःची नसे ते तासावर भाड्याने घेत. शाळाकॉलेजात जाणाऱ्या आम्ही मुली, साडीचा पदर खोचून जाणाऱ्या शिक्षिका, धोतर सावरत जाणारे कारकून. सकाळी कारखान्याचा भोंगा व्हायच्या आधी खडकीकडे सायकलींची रांग लागे. आमचे दादा त्यातच असत. रोजचे जाऊन-येऊन पंधरा-सोळा किलोमीटर. त्याला कुणी व्यायाम म्हणत नव्हतं. त्याला कामावर जाणं म्हणत.

मग काय झालं? कुणी एका दिवसात सायकली बंद केल्या नाहीत. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांची दैना झाली आणि पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा नव्या वसाहती झाल्या. शहर पसरू लागलं. तिकडे पिंपरी-आकुर्डीला मोठे कारखाने आले. अंतरं वाढली, पण त्या मानाने बस वाढल्या नाहीत. आणि नेमकं १९७२ साली, तिकडे नेदरलँड्समध्ये तो लेख छापला गेला त्याच वर्षी, इकडे बजाजची चेतक आणि कायनेटिकची लुना बाजारात आल्या.

स्कूटरला मी नावं ठेवणार नाही. स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत, ते काय मूर्ख होते? लुनाने आणि पुढच्या गाड्यांनी कितीतरी बायकांना स्वतःच्या पायावर, म्हणजे चाकावर, उभं केलं. नोकरी करून, पोरांना शाळेत सोडून घरी वेळेवर पोचणं त्यामुळेच जमलं. प्रश्न स्कूटर आली हा नाही. स्कूटरला जागा देताना पायी आणि सायकलवाल्याची जागा काढून घेतली, हा आहे. रस्ता रुंद झाला तो पदपथ कापून. वर्दळ वाढली तशी सायकल धोक्याची झाली. धोक्याची म्हणून आईबापांनी मुलांना गाडी घेऊन दिली, आणि गाड्या वाढल्या म्हणून वर्दळ आणखी वाढली. डच आयांना जी भीती वाटली तीच आपल्याला वाटली. त्यांनी रस्ता बदलायला लावला, आपण वाहन बदललं.

२००६ साली बीआरटीबरोबर काही रस्त्यांना सायकलमार्ग मिळाले. त्यांवर टपऱ्या लागल्या, गाड्या लागल्या. २०१७ साली पालिकेने शहरासाठी सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास रंगीबेरंगी भाड्याच्या सायकली आल्या आणि दोनेक वर्षांत दिसेनाशा झाल्या. २०१८ साली पुण्यातल्या नोंदलेल्या वाहनांनी लोकसंख्येला मागे टाकल्याची बातमी आली.

दादांनी सत्तरीच्या दशकाच्या शेवटी स्कूटर घेतली. पन्नाशीत मधुमेह आणि पुढे बायपास. एका माणसावरून सिद्धांत मांडू नये हे मलाही कळतं. खाणं बदललं, काळजी वाढली, आमच्या घराण्यात तो आजार आहेही. पण दादा जाडे कधीच नव्हते, म्हणून कुणालाच शंका आली नाही. पुण्याच्याच केईएम रुग्णालयातले मधुमेहाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हा आपला धोका जगापुढे मांडला आहे. त्यांचा आणि इंग्लंडमधल्या डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्येच छापून आला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एकच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! खाली गमतीने लिहिलं होतं, की एक जण मॅरेथॉन धावतो आणि दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत जाऊन ती गाठणं. आईच्या पोटातलं पोषण, आनुवंशिकता अशी त्यामागे इतरही कारणं आहेत हे त्यांनी सांगितलंच. पण मला मॉरिसच्या विजारी आठवल्या. माप तेच, आतली गोष्ट निराळी. ज्यांच्या शरीराची ठेवणच अशी, त्यांच्या शहरातून जिना काढून घेणं जास्त महाग पडणार की नाही?

आज आपल्याकडे व्यायामाची हौस कमी नाही. जिम आहेत, योगवर्ग आहेत, मॅरेथॉन आहेत. सकाळी तळजाईच्या टेकडीवर फिरायला जा, पायथ्याशी गाड्यांची ही रांग! चालायला जायचं तर गाडीने जावं लागतं. हसू येतं, पण हसण्यासारखं नाही. ज्याच्याकडे गाडी आहे, तासभर फुरसत आहे, त्याला टेकडी. आमच्या सोसायटीत चार घरची कामं करणारी बाई आणि रात्रपाळीचा वॉचमन यांनी काय करायचं? शिस्तीवर सोपवलेली तब्येत ही अशी मूठभरांची होते. रस्त्यावर सोपवलेली सगळ्यांना पुरते, मनात असो वा नसो.

म्हणून कुणी 'लोकांना कंटाळा' म्हणालं की मी एकच विचारते. तुमच्या घरून दूध, भाजी, शाळा आणि बसस्टॉप इथे आठ वर्षांचं मूल आणि ऐंशी वर्षांची आजी पायी, न घाबरता जाऊ शकतात का? उत्तर 'हो' असेल तर तुमचं गाव कंडक्टरांचं. यादी पाहायची गरज नाही.

आमच्या घराजवळच्या चौकात मी आणि शेजारच्या दोघीजणींनी आठवडाभर घड्याळ लावून मोजलं. पायी चालणाऱ्यांसाठी सिग्नल हिरवा राहतो पंधरा सेकंद. मला रस्ता ओलांडायला लागतात बावीस. उरलेली सात सेकंदं मी दुभाजकापाशी, दोन्ही बाजूंनी सुटलेल्या गाड्यांच्या मधे जीव मुठीत धरून उभी. आमच्यातल्या एकीने त्या पायी मंडईत जाणंच सोडून दिलं आहे. भाजी आता घरपोच येते. तिचं रोजचं दीड किलोमीटर चालणं गेलं, ते या सात सेकंदांपायी.

तिघींच्या सह्यांचा अर्ज दिला आहे. सात सेकंद वाढवून मागितले आहेत, फार नाही. तुमच्या चौकात किती सेकंद मिळतात, मोजून मला जरूर कळवा.